परदेशी सेवेला निघालेल्यांसाठी शब्दांची कणगी: फ्लेक्सचं परीक्षण

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, मिळालं, मंडळीने, म्हणजे चर्चने, हात ठेवून प्रार्थना केली, व्हिसा आला, विमानतळावर सगळ्यांचं रडून झालं. इथपर्यंतच्या प्रवासाबद्दल आपल्या मंडळ्यांत भरपूर बोललं जातं. पुढची दोन-तीन वर्षं तो माणूस तिकडे नेमकं काय करतो, याबद्दल मात्र फार कमी. तो भाषा शिकतो. बाजारात मीठ मागायला शिकतो, मयताच्या घरी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही ते शिकतो, समोरच्याने "बघू" म्हटलं की तो होकार की नकार हे ओळखायला शिकतो. हे काम टाळता येत नाही आणि दुभाष्याच्या खांद्यावर कायमचं टाकताही येत नाही. पाचारण कितीही खरं असलं तरी घोडं अडतं ते इथे.

या कामासाठी एक संगणकीय साधन आहे: फील्डवर्क्स लँग्वेज एक्सप्लोरर, बोलीभाषेत फ्लेक्स. बनवणारी संस्था एसआयएल. तिची पाळंमुळं कॅमरन टाउनसेंड या अमेरिकन माणसापर्यंत जातात. 1917 साली तो ग्वाटेमालात स्पॅनिश बायबलं विकायला गेला आणि तिथल्या काकचिकेल लोकांना स्पॅनिश कळतच नाही हे पाहून त्यांची भाषा शिकायला बसला. काकचिकेल नवा करार 1931 साली छापून झाला. 1934 च्या उन्हाळ्यात त्याने आर्कान्सामध्ये एक शिबिर भरवलं, मिशनरींना भाषाशास्त्र शिकवण्यासाठी. फ्लेक्समध्ये त्या परंपरेचा सगळा अनुभव मुरलेला आहे. जगभरचे भाषाशास्त्रज्ञही ते वापरतात, त्यातल्या अनेकांचा धर्मकार्याशी काही संबंध नसतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ज्या भाषेचा चांगला कोश किंवा व्याकरण अजून लिहिलं गेलेलं नाही, तिथे जाणाऱ्याने फ्लेक्स शिकून घ्यावंच. फुकट आहे, भरवशाचं आहे, आणि शब्द, वाक्यं व व्याकरण यांची अशी मोट बांधणारं दुसरं साधन या कामात सहज सापडत नाही. पण हे भाषा शिकवणारं अॅप नाही. भाषा माणसं शिकवतात. फ्लेक्स फक्त ऐकलेलं नीट साठवतं आणि सहा महिन्यांनी तुमच्यापुढे ठेवतं. पहिले शंभर तास तर लॅपटॉप न उघडता ऐकण्यात आणि बोलण्यात गेलेले बरे.

आता कामाचं. फ्लेक्स विंडोज आणि लिनक्सवर चालतं. मॅकवर थेट चालत नाही, व्हर्च्युअल मशीन टाकून विंडोज चालवावं लागतं आणि गावात वीज आठ तास असेल तर तो व्याप परवडत नाही. मोबाइलवर पूर्ण फ्लेक्स चालत नाही. 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा विंडोज लॅपटॉप पुरतो. मंडळीने लॅपटॉप घेऊन द्यायचं ठरवलं असेल तर महागडा प्रोसेसर मागण्यापेक्षा जास्तीची बॅटरी आणि दोन बाहेरच्या हार्ड डिस्क मागा. सोबत कीमॅन हे हव्या त्या लिपीत टाइप करायचं सॉफ्टवेअर घ्या, तेही एसआयएलचं आणि फुकट. फॉन्टही फुकट मिळतात: रोमन लिपीसाठी चॅरिस, देवनागरीसाठी अन्नपूर्णा.

नवा प्रकल्प उघडताना पहिल्याच मिनिटात जो निर्णय घ्यावा लागतो, तोच बहुतेकांचा चुकतो. फ्लेक्स दोन प्रकारच्या लेखनपद्धती विचारतं. एक, जी भाषा तुम्ही शिकताय तिची. दुसरी, जिच्यात तुम्ही अर्थ लिहिणार तिची. इथे लोक डोळे झाकून फक्त इंग्रजी निवडतात, कारण तपासायला येणारा सल्लागार इंग्रजी वाचतो. इंग्रजी हवीच, पण तिच्या जोडीला मराठी टाका. ही भावनेची गोष्ट नाही, कामाची आहे.

कारण असं. मराठीत "आम्ही" आणि "आपण" वेगळे आहेत. ऐकणारा धरून की सोडून, हा फरक आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेला. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. जगात शेकडो भाषांत आपल्यासारखा फरक आहे. पापुआ न्यू गिनीतली तोक पिसिन घ्या. तिथे "युमि" म्हणजे आपण आणि "मिपेला" म्हणजे आम्ही. प्रभूची प्रार्थना तिथे "पापा बिलोंग मिपेला" अशी सुरू होते, कारण ऐकणारा देव आहे आणि तो "आमच्या"त मोजायचा नाही. मराठीतही आपण नेमकं तेच म्हणतो, "आमच्या स्वर्गातील पित्या". आता बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातलं वादळ आठवा. शिष्य येशूला उठवून म्हणतात की बुडतोय. कोण बुडतंय? येशूला धरून की त्याला सोडून? भाषांतरकाराला ठरवावंच लागतं. अर्थाचा रकाना फक्त इंग्रजीत भरला तर हा प्रश्न तुमच्या कोशात दिसतच नाही. मराठीत भरला तर पहिल्याच आठवड्यात दिसतो. परदेशी जाणाऱ्या मराठी माणसाच्या हातातली ही खरी शिदोरी आहे आणि बहुतेक जण ती घरीच ठेवून जातात.

फ्लेक्सचे मुख्य विभाग पाच: शब्दकोश, पाठ आणि शब्द, व्याकरण, नोंदवही, याद्या. पहिलं वर्षभर पहिले दोनच वापरा.

शब्दकोशाच्या विभागात प्रत्येक शब्दाची एक नोंद असते. मूळ रूप, ते धातू आहे की उपसर्ग की प्रत्यय, व्याकरणातली जात, अर्थ, सविस्तर व्याख्या, उदाहरणाचं वाक्य, विषयगट, चित्र, उच्चाराची ध्वनिफाईल. सगळे रकाने भरायचा मोह आवरा. पहिल्या फेरीत मूळ रूप, एका शब्दातला अर्थ आणि एक वाक्य एवढंच भरा. वाक्य त्या भाषेच्या माणसाच्या तोंडून आलेलं हवं. तुम्ही जुळवून तयार केलेलं आणि त्याने "हो, चालेल" म्हटलेलं वाक्य लिहू नका. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून माणसं खूप काही चालवून घेतात. दिवसाला पंधरा-वीस नोंदी नीट झाल्या तर पुष्कळ झालं.

खरी जादू पाठ आणि शब्द या विभागात आहे. इथे जरा थांबून एक वाक्य फोडून पाहू. फ्लेक्स ज्या भाषांसाठी बनलं त्या मानाने स्वाहिली चांगलीच अभ्यासलेली आहे, पण केनिया-टांझानियाला जाणाऱ्यांना ती शिकावी लागते आणि सरावाला ती उत्तम. वाक्य आहे, "वातोतो वानासोमा विताबु", म्हणजे मुलं पुस्तकं वाचताहेत. ते बेसलाइन या टॅबमध्ये टाइप करायचं. मग अॅनलाइझ टॅबवर गेलं की प्रत्येक शब्दाखाली रिकाम्या ओळी येतात. तिथे तुकडे पाडायचे. वा-तोतो. वा-ना-सोम-आ. वि-ताबु. पहिल्यात "तोतो" मूळ आणि "वा-" माणसांच्या गटाचं अनेकवचन. दुसऱ्यात "वा-" म्हणजे ते लोक, "ना-" वर्तमानकाळ, "सोम" म्हणजे वाचणं, शेवटचा "आ" क्रियापदाचा स्वर. तिसऱ्यात "वि-" अनेकवचन. एकवचन "किताबु". हा शब्द अरबीतून आला, आपल्या किताबचाच भाऊ. पण स्वाहिली कानांना सुरुवातीचा "कि" स्वाहिलीतल्याच "कि-" या एकवचनी उपसर्गासारखा वाटला, म्हणून अनेकवचनात तो "वि-" झाला आणि मूळ उरलं "ताबु".

तुकडा लिहिताना त्याच्यानंतर आडवी रेघ दिली, "वा-" असं लिहिलं, की फ्लेक्स तो उपसर्ग आहे हे ओळखतं. त्याच्याआधी रेघ दिली, "-आ" असं लिहिलं, की प्रत्यय. तुकडा कोशात नसेल तर तिथेच नवी नोंद उघडता येते, असेल तर यादीतून निवडायचा. आणि इथेच नवशिक्याचा पाय घसरतो. वरच्या वाक्यात "वा-" दोनदा आलंय. दिसायला एक, काम दोन. नामाला लागणारं वेगळं, क्रियापदाला लागणारं वेगळं. घाईत दोन्ही एकाच नोंदीला जोडले की पुढच्या दोनशे वाक्यांत तीच चूक आपोआप सुचवली जाते, कारण फ्लेक्स तुमच्या मागच्या उत्तरावरून पुढचं सुचवतं. दोन वेगळ्या नोंदी केल्या की ते त्यांना 1 आणि 2 असे आकडे देतं आणि प्रत्येक वेळी कुठली हे तुम्ही निवडता. दुसरी चूक याच्या उलट: "वातोतो", "वानासोमा" अशी सगळीच्या सगळी रूपं कोशात घालायची. स्वाहिलीच्या एका धातूची रूपं शेकड्यात जातात. तसं केलं तर कणगीत धान्यापेक्षा कोंडाच जास्त भरेल.

अर्थ लिहितानाही जपायला हवं. "वा-" खाली नुसतं "ते" लिहू नका. मराठी "ते" पुल्लिंगी अनेकवचन आहे, एकवचनी नपुंसकलिंगीही आहे आणि आदरार्थीही आहे. स्वाहिलीत इथे स्त्री-पुरुष असा भेदच नाही. म्हणून व्याकरणाच्या तुकड्यांना तृतीय पुरुषासाठी "तृपु", अनेकवचनासाठी "अव" अशी ठरलेली आखूड खूण द्या आणि ती यादी पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. सगळ्या गटाने एकच यादी वापरायची.

सुचवलेलं विश्लेषण रंगीत पार्श्वभूमीवर दिसतं. तुम्ही खूण केली की ते मान्य झालं. सगळं एकदम मान्य करण्याची सोयही आहे, आणि आमच्या मते पहिल्या वर्षी त्या बटणाला हात लावू नये. शंभर शब्दांची एखादी गोष्ट नीट फोडायला सुरुवातीला तीन-चार तास धरून चला. ते तास वाया जात नाहीत. दहाव्या गोष्टीला वेग दुप्पट झालेला असतो, कारण निम्मे तुकडे कोशात असतात.

गोष्टी कुठल्या घ्यायच्या? बायबलच्या उताऱ्याचं कच्चं भाषांतर तर नक्कीच नको. आजीने सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट, कोणी घर कसं बांधलं त्याचं वर्णन, पीक बुडालं तेव्हाची हकीकत. भाषा तिच्या स्वतःच्या चालीने चालते ती अशा बोलण्यात. हा मजकूर साठला की कॉन्कॉर्डन्स उघडा: एखादा शब्द किंवा तुकडा टाकला की तो जिथे जिथे आलाय ती सगळी वाक्यं एकाखाली एक. कोशातला अर्थ खरा की नुसता तुमचा अंदाज, हे तिथे कळतं.

शब्द गोळा करायला विषयगटांची यादी आहे. सुमारे 1,800 गट, नऊ मोठ्या शाखांत विभागलेले: विश्व, माणूस, भाषा आणि विचार, सामाजिक वागणं, रोजचं जगणं, कामधंदा, शारीरिक क्रिया, अवस्था, व्याकरण. प्रत्येक गटाखाली प्रश्न दिलेले असतात. उदाहरणार्थ 2.6.6 हा मृत्यूचा गट. त्याच्या पोटात प्रेत, अंत्यविधी, शोक, दफन, वारसा असे उपगट. पाच-सहा माणसं अंगणात बसली, एकाने प्रश्न वाचला, बाकीच्यांनी शब्द सुचवले, एकाने लिहिले, तर एका दुपारी दीड-दोनशे शब्द सहज येतात. याच पद्धतीने गावकऱ्यांचे गट करून दोन आठवड्यांची शिबिरं घेतली जातात आणि त्यांत दहा हजारांच्या घरात शब्द जमतात. पण ते शब्द म्हणजे कच्चा माल. एकाच शब्दाची चार गटांत चार वेळा नोंद झालेली असते, ती एकत्र करायला महिने लागतात. हा हिशेब शिबिराआधी डोक्यात हवा.

4.9 हा धर्माचा गट सगळ्यात शेवटी उघडा, हे आम्ही मनापासून सांगतो. नवा मिशनरी पहिल्या महिन्यातच देव, पाप, कृपा, आत्मा यांना शब्द शोधायला धावतो. उत्सुकता समजण्यासारखी आहे. पण भाषा कच्ची असताना सापडलेल्या शब्दावर तो स्वतःचा अर्थ चढवतो आणि कोशात तोच लिहितो. शब्द लोकांच्या तोंडी कुठे कुठे येतो ते आधी बघा. शिवी देताना येतो का, आजारपणात येतो का, जत्रेत येतो का, म्हातारी माणसं आणि पोरं एकाच अर्थाने वापरतात का. जेवढे अर्थ सापडतील तेवढे वेगळे लिहा, नको वाटणारेही. पुढे भाषांतर करताना नेमका तो नको असलेला अर्थच वाचवतो किंवा बुडवतो.

व्याकरणाच्या विभागात एक पार्सर आहे. नियम भरले की तो शब्द आपोआप फोडतो. तुकड्यांचे क्रम, कुठल्या अक्षराशेजारी कुठलं रूप येतं, सगळं सांगता येतं. हे आकर्षक आहे आणि त्यातच धोका आहे. भाषाशास्त्र शिकलेले तरुण महिनोन् महिने नियम घासत बसतात आणि शेजाऱ्याकडे चहाला जाणं राहून जातं. हजारेक नोंदी आणि वीसेक फोडलेल्या गोष्टी हाताशी आल्याशिवाय पार्सर सुरू करू नये. तो सुरू केल्यावर मात्र ज्या शब्दावर अडतो, तो शब्द हमखास काहीतरी शिकवतो.

देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांसाठी, म्हणजे नेपाळला जाणाऱ्यांसाठी, एक सूचना. मराठी "दुसऱ्या"तला र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ अक्षर घेऊन, किंवा साधा र घेऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. गटातल्या दोघांचे कळफलक वेगळे असले की कोशात जुळी नोंद तयार होते, शोधलं तर एकच सापडते आणि डोकं चक्रावतं. इलाज सोपा: सगळ्यांनी एकच कीमॅन कळफलक वापरायचा आणि फ्लेक्समध्ये त्या लेखनपद्धतीला तोच जोडून ठेवायचा. मग रकाना बदलला की कळफलकही आपोआप बदलतो. शब्दांचा क्रमही त्या भाषेच्या लोकांना विचारून लावा. काही समाजांत ठरावीक जोडाक्षर स्वतंत्र अक्षर मानतात.

एकाहून जास्त माणसं काम करणार असतील तर सेंड-रिसीव्ह वापरावं लागतं. प्रत्येक जण आपल्या लॅपटॉपवर काम करतो, मग इंटरनेटवरून किंवा पेन ड्राइव्हवरून बदल एकमेकांत मिसळले जातात. पद्धत चांगली आहे, पण सुरुवात चुकली की सगळं चुकतं. पहिल्या माणसाने प्रकल्प तयार करून पाठवायचा. बाकीच्यांनी तो "सहकाऱ्याकडून घ्या" या मार्गाने उतरवायचा. त्याच नावाचा नवा रिकामा प्रकल्प स्वतः उघडायचा नाही, ते दोन कधीच जुळत नाहीत. सगळ्यांच्या फ्लेक्सची आवृत्ती जुळती हवी. एकानेच नवी टाकली तर देवाणघेवाण अडू शकते. दोघांनी एकच नोंद एकाच दिवशी बदलली तर कोणाचं राहिलं ते तपासायला एक चिठ्ठी येते. ती वाचायची सवय लावा. मोठ्या ध्वनिफायली या मार्गाने जात नाहीत, त्या वेगळ्या हलवाव्या लागतात.

प्रकल्पाचा फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हमध्ये ठेवू नका. फ्लेक्सचा सगळा डेटा एका मोठ्या फायलीत असतो. ती उघडी असताना दुसऱ्या प्रणालीने अर्धवट उचलली तर बिघडते. फ्लेक्सचा स्वतःचा बॅकअप घ्या आणि घेताना माध्यम-फायलींच्या चौकटीत खूण आहे ना ते बघा, नाहीतर शब्द वाचतील आणि आवाज जातील. त्या बॅकअपच्या फायली दोन हार्ड डिस्कवर, पैकी एक दुसऱ्या गावात. चालू काम काही सेकंदांनी आपोआप साठत राहतं, त्यामुळे वीज गेली तर फारसं नुकसान होत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर होतं.

सुरक्षेचं वेगळं सांगायला हवं. काही देशांत तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाला तुमच्यामुळे त्रास होऊ शकतो. नोंदवहीत त्यांची पूर्ण नावं, गावं, कोण सभेला येतं असलं काही लिहू नका. माहिती देणाऱ्याला एक सांकेतिक खूण द्या आणि खुणांची यादी वेगळीकडे ठेवा. डिस्क कूटबद्ध करा. प्रार्थनापत्रं आणि भाषेचा प्रकल्प एका फोल्डरमध्ये नकोत. आणि आवाज टिपण्याआधी परवानगी घ्या, कशासाठी टिपतोय ते त्यांच्या भाषेत सांगून. ते सांगण्याइतकी भाषा येत नसेल तर टिपण्याची वेळ आलेली नाही.

उणिवाही आहेत. पडदा भरगच्च, पहिल्या दिवशी भांबावून टाकणारा. मदतीचा मजकूर भाषाशास्त्र येतं असं गृहीत धरून लिहिलेला. इंग्रजीत कच्चा असलेल्या पाळकाला किंवा सेविकेला कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावं लागेल. दहा-बारा हजार नोंदी आणि भरपूर पाठ झाले की साध्या लॅपटॉपवर फ्लेक्स सुस्तावतं. छापण्यासाठी कोशाची मांडणी ठरवण्याचा भाग किचकट आहे, तिथे जाणकाराची मदत घ्या. नुसते शब्दच जमवायचे असतील आणि सोबतचे गावकरी संगणकाला नवे असतील, तर एसआयएलचंच द कम्बाइन सोपं आहे. तिथलं काम नंतर फ्लेक्समध्ये आणता येतं. जुन्या मिशनरींच्या संगणकावर टूलबॉक्स हे एसआयएलचं जुनं कोश-साधन सापडेल. त्यातला डेटा फेकून देऊ नका, फ्लेक्स तो आयात करतं, फक्त खुणांची जुळवणी हाताने करावी लागते. भाषांतरासाठीचं पॅराटेक्स्ट याच कोशाला जोडता येतं. भाषांतर करताना शब्दावर टिचकी मारली की तुम्ही तीन वर्षांपूर्वी टिपलेला अर्थ समोर येतो, आणि तेव्हा त्या चार-चार तासांचं चीज होतं.

शिकायचं कधी? निघण्याआधी, इथेच. फ्लेक्सबरोबर सेना या मोझांबिकमधल्या भाषेचा नमुना प्रकल्प येतो. दोन दिवस तो नुसता उघडून बघा, हवा तसा मोडा, काही बिघडत नाही. मग स्वतःचा प्रकल्प घरच्या बोलीचा करा. वसईच्या घरात आजीची कादोडी असेल, खानदेशात अहिराणी, सिंधुदुर्गात मालवणी. तीनशे शब्द, पाच गोष्टी, एक महिना. आपलीच बोली फोडताना माणूस थक्क होतो, कारण आजवर बोलताना न जाणवलेले नियम समोर येतात. अगदी वेगळ्या घडणीची भाषा हवी असेल आणि मेळघाटात कोणी ओळखीचं असेल, तर कोरकू बघा. तिच्यात दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. पण तिथे शिकायला आलेला विद्यार्थी म्हणून जा, आणि ज्याचा वेळ घ्याल त्याच्या वेळेचे पैसे द्या.

पाठवणाऱ्या मंडळीसाठी एक शब्द. पहिल्या दोन वर्षांच्या अहवालात "किती जणांनी तारण स्वीकारलं" हा रकाना ठेवू नका. "किती गोष्टी ऐकल्या, किती शब्द तपासून झाले, कोणाच्या घरी किती वेळा जेवलात" हे विचारा. वर्षातून एकदा फ्लेक्समधून कोशाची प्रत काढून मागवा. वाचता येणार नाही, पण पानं वाढलेली दिसतील. भाषा-साहाय्यकाचं मानधन अंदाजपत्रकात पहिल्या महिन्यापासून धरा. बऱ्याच अंदाजपत्रकांत प्रवास, भाडं, विमा सगळं असतं आणि हेच राहून जातं.

काम संपत आलं की कोश त्या लोकांच्या हातात जायला हवा, जाड छापील ग्रंथाची वाट न बघता. फ्लेक्समधून लिफ्ट या स्वरूपात डेटा बाहेर काढला की डिक्शनरी अॅप बिल्डरने त्याचं अँड्रॉइड अॅप होतं. ते इंटरनेटशिवाय चालतं आणि एका फोनवरून दुसऱ्यावर देता येतं. तत्पूर्वी कच्ची नोंद, शिव्यांच्या खाजगी टिपा, स्वतःसाठी लिहिलेले शेरे गाळायला विसरू नका. नुसती तपासलेली नोंदच बाहेर जाईल अशी चाळणी लावता येते. पहिल्या पानावर नावं घालायची ती विचारून. विल्यम केरी या इंग्रज मिशनरीने मराठीचं व्याकरण 1805 साली आणि कोश 1810 साली काढला, आणि मुखपृष्ठावर नाव राहिलं ते केरीचं. त्याच्यामागे बसून मराठी सांगणाऱ्या पंडित वैजनाथांना आज फारच थोडे ओळखतात. तुमच्या अॅपच्या पहिल्या पानावर शब्द सांगणाऱ्यांची नावं आधी येऊ द्या, त्यांना हव्या त्या क्रमाने आणि त्यांना हव्या त्या स्पेलिंगने, आणि ज्यांना नको असेल त्यांची न घालता.